तांडेलाच्या डब्यातली आधार कार्डं

मी तटरक्षक दलात ‘उत्तम नाविक’ या हुद्द्यावर. बोट अडवायची, चढायचं, कागद बघायचे, हे आमचं नेहमीचं. मानवी तस्करी ओळखायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं तेव्हा वाटलं, हे पोलिसांचं काम, आम्ही कशाला?

पहिली सकाळ कायद्यात गेली. मानवी तस्करीचं पूर्वीचं कलम भारतीय दंड संहितेचं 370, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 143. फसवून किंवा धाकानं आणलेल्या माणसानं ‘मी राजीखुशीनं आलोय’ म्हटलं तरी गुन्हा पुसला जात नाही, एवढं डोक्यात राहिलं.

मग फळ्यावर खुणा आल्या : कागद दुसऱ्याकडे, अंगावर कर्ज, भाषा येत नाही. मी हात वर केला. “मॅडम, आमच्या हर्णैत भिजू नयेत म्हणून सगळ्यांची आधार कार्डं तांडेलाच्याच, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्याच डब्यात असतात. उचल घेऊनच खलाशी येतात. नेपाळी पोरांना मराठी कुठून येणार? सगळं बंदरच आत टाकायचं का?”

शिकवणाऱ्या मॅडम हसल्या. “मागितलं तर कार्ड हातात मिळतं का? उचल किती फिटली ते त्याला माहीत आहे का? हंगामात मधेच घरी जातो म्हणाला तर जाऊ देतात का? हे विचारा.”

दुसऱ्या दिवशी जेट्टीला लावलेल्या बोटीवर सराव. आमचाच प्रधान नाविक तांडेल झालेला. मी परवाना, नोंदणी, लाइफ जॅकेट, डोकी, सगळं जुळवून खुशीत उतरलो.

“त्या कोपऱ्यातल्या पोराचा आवाज कसा आहे?” मॅडमनी विचारलं.

आली का पंचाईत! नाव, गाव, वय मी पोरालाच विचारलं होतं; तिन्ही उत्तरं तांडेलानं दिली होती.

दुसऱ्या खेपेला तांडेलाला कागदांच्या निमित्तानं जोडीदाराकडे केबिनात धाडलं आणि पोराशेजारी जाळ्याच्या ढिगावर बसलो. इथवर ठीक. पण त्यानं मान खाली घातली तसा मी बोलून गेलो, “घाबरू नको, सोडवतो तुला.” तिथंच थांबवलं मला. वचन द्यायचं नाही, तांडेलावर ओरडायचं नाही. पुरावा नाही निघाला तर पोराला रात्र त्याच बोटीवर काढायची असते. वायरलेसवर वरिष्ठांना कळवायचं, बोट बंदरात आणून पोलिसांकडे द्यायची; अठराच्या आतला असेल तर 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन.

मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्याच तपासणीत एक कोवळा पोरगा दिसला. तांडेलाला केबिनात धाडून मी हिंदीत म्हटलं, “तुझं कार्ड आण बघू.” पोरगा उठला, डबा उघडून कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि “साब, भात जलेगा” म्हणत चुलीकडे पळाला.