क्लोरिन शून्य, तरीही पाणी अडवले

अलिबागजवळच्या एका बंगल्यातील पोहण्याच्या तलावाची देखभाल माझ्याकडे आहे. मे महिन्याच्या अखेरीस त्याच्या काठालगतच्या टाइल्स निखळल्या, तेव्हा तलाव पूर्ण रिकामा करून ते 70,000 लिटर पाणी मागच्या नारळ-सुपारीच्या वाडीला द्यावे, असे मालकांनी ठरवले. ऐन टंचाईत हा विचार वावगा नव्हता, कारण क्लोरिन उतरल्यावर तलावाचे पाणी बागेला सहसा चालते.

मी पोहोचलो तेव्हा वाडी सांभाळणाऱ्या काकांनी पंपाला पाइप जोडून त्याचे दुसरे टोक सुपारीच्या आळ्यात नेऊन ठेवले होते. “साहेब, औषध उडालंय, वास बघा, काहीच नाही,” असे ते म्हणाले. वासावर मी कधीच विसंबत नाही. तो बहुधा घाम व मळ यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन येतो, त्यामुळे बिनवासाच्या पाण्यातही क्लोरिन असू शकते. नळीत पाणी घेऊन, क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी करणारी डीपीडीची गोळी विरघळवली. गुलाबी छटा आली नाही, म्हणजे काकांचे म्हणणे खरे होते.

तरीही मी पंप सुरू करू दिला नाही, कारण हा तलाव मिठावर चालणारा होता. त्यातले यंत्र पाण्यातील मिठापासूनच क्लोरिन तयार करते. उन्हाने क्लोरिन उडते, मीठ मात्र जागेवर राहते. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा लिटरमागे 3,420 मिलिग्रॅमवर स्थिरावला. विहिरीच्या पाण्याला तोच मीटर 280 दाखवत होता. सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे 2,000 मिलिग्रॅमच्या वर क्षार असणे गंभीर मानतात. काकांना मी हिशेब करून दाखवला: एवढ्या पाण्यात सुमारे 240 किलो मीठ होते, म्हणजे पन्नास किलोची जवळजवळ पाच पोती. त्यांनी काही न बोलता पाइप आळ्यातून ओढून घेतला.

मालकांना समजावणे अधिक अवघड गेले. सुदैवाने निखळलेल्या टाइल्स वरच्याच ओळीतल्या होत्या, म्हणून फक्त फूटभर पाणी उतरवले, तरी काम होणार होते. शिवाय पावसाच्या तोंडावर तलाव रिकामा ठेवला आणि भूजल वर आले, तर खालच्या दाबाने अख्खी टाकी उचलली जाण्याची भीती असते. हा मुद्दा त्यांना लगेच पटला. पैशाचा प्रश्न आला की पटतेच.

उतरवलेले सुमारे 15,000 लिटर पाणी, विहिरीपासून लांब, कुंपणाकडच्या नारळांना थोडे थोडे विभागून दिले. नारळ खारेपणा बऱ्यापैकी सोसतो आणि तिथल्या रेताड जमिनीतले मीठ पावसात लवकर धुऊन निघते. सुपारीला मात्र थेंबही दिला नाही. उरलेले पाणी पावसाने पातळ होऊ दिले. ऑगस्टमध्ये मीटर 1,300 च्या आसपास आला, तेव्हा पुन्हा मीठ भरण्याऐवजी मालकांनी साध्या क्लोरिनवर तलाव चालवायचे ठरवले.