मिस्त्रीनं फक्त पहिलं शीट पाहिलं होतं

नागपूर झोन २ मध्ये येतं, म्हणजे भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात खालचा झोन, त्यामुळे मी भूकंपाचं डिझाईन करतो म्हटलं की धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर पण लोक हसतात, इथे माणूस उन्हानं मरते भाऊ, भूकंपानं नाही. मी वाद घालत नाही. फारच झालं तर किल्लारी सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या आधी किल्लारी पण नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्येच होतं.

तर काम होतं नेपाळचं. डोंगरातल्या एका गावात दोन वर्गांची शाळा, पैसे बाहेरच्या एका संस्थेचे, आणि ड्रॉइंग आमच्या ऑफिसकडे कारण आम्ही स्वस्त पडतो (खरं कारण हेच आहे, उगाच दुसरं कशाला सांगू). २०१५ चा तिकडचा भूकंप २५ एप्रिलला, दुपारी बारा वाजायच्या जरा आधी. वार शनिवार, आणि नेपाळमध्ये शनिवारी शाळेला सुट्टी असते. हजारो वर्ग पडले ते रिकामे होते म्हणून, नाहीतर काय झालं असतं. तेव्हापासून शाळेची फाईल उघडली की माझ्या डोक्यात आधी वार येतो.

गावाला रस्ता नाही, सिमेंट खेचरावर जाणार, त्यामुळे कॉलम-बीमची फ्रेम वगैरे विसरा. दगडी भिंत, जाडी दीड फुटाच्या आत, प्लिंथला (म्हणजे जोत्याला), लिंटेलला (दार-खिडक्यांच्या वर) आणि छताखाली असा चारही भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात उभी सळई, वर पत्र्याचं हलकं छत. पट्ट्यामुळे चार भिंती चार दिशांना न जाता दोरीनं बांधलेल्या पेटीसारख्या एकत्र हलतात. यात नवीन काहीच नाही, पण ड्रॉइंग मी जीव लावून काढलं होतं, ९ शीट, एकेक डीटेल सुटं. सरांनी सही करायच्या आधी फक्त एवढंच म्हटलं, कोणाकडून तरी एक कोपरा बांधून घे.

मे महिना. हिंगणा रोडला ओळखीच्या एकाचा रिकामा प्लॉट होता तिथे सकाळी सहाला सुरू करायचं आणि दहाला बंद, नंतर दगडाला हात लावता येत नाही. मिस्त्री भंडाऱ्याकडचे, वय साठीच्या आसपास, दगडाचं काम येणारा माणूस आता नागपुरात शोधावा लागतो. त्यांना शीट दिली, काळा दगड आणला, मातीत बांधायचं सांगितलं, आणि मुद्दामच बाजूला बसलो कारण तिकडे पण माझ्यासारखा कोणी इंजिनिअर उभा राहणार नव्हता. दोन दिवसांत एल आकाराचा चार फूट उंच कोपरा तयार. इतका देखणा की मी फोटो काढून सरांना पाठवला.

सरांचा रिप्लाय, आता पाड.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी स्वतःच सब्बल घातली, वरून तिसऱ्या थरात, जरा रेटली, आणि बाहेरची बाजू अख्खी सालीसारखी सुटून खाली आली. आतली बाजू तशीच उभी. मधून खांडकी न माती भळाभळा वाहत होती. दोन्ही बाजूंना छान चेहरे आणि पोटात नुसती भर, एकही दगड आरपार नाही. मी तिथेच खाली बसलो कारण हे मी फोटोत शंभर वेळा पाहिलं होतं. किल्लारीला हेच झालं. दोन-अडीच फुटांच्या न त्याहून जाड दगड-मातीच्या भिंती, वर माळवदाची टनभर माती, पहाटे ३:५६ ला जमीन हलली, भिंतीचे दोन पापुद्रे सुटले आणि छत झोपलेल्या माणसांवर. जवळपास ८ हजार गेले, तेही साडेसहाच्या खालच्या भूकंपात. २०१० ला चिलीत ८.८ चा झाला तिथे मेलेले ५०० च्या आसपास. फरक जमिनीचा कमी, भिंतींचा जास्त.

मी जरा चिडूनच विचारलं, लांब दगड कुठे आहेत, भिंतीच्या जाडीएवढे, दर दोन फूट उंचीवर टाकायचे, आडवे चार-चार फुटांवर, सहाव्या शीटवर दाखवलेत ना. मिस्त्रींनी शांतपणे शीट उघडलं. "हे काय? मले तं ह्या रेघोट्याच वाटल्या साहेब. मी पहिलाच कागद पाह्यला, लांबी-रुंदी त्याच्यावरच असते." रेघोट्या म्हणजे माझी तुटक रेषा. सेक्शन, म्हणजे भिंत उभी कापून आतलं दाखवणारं चित्र, असा काही प्रकार त्यांनी चाळीस वर्षांत कधी वाचलाच नव्हता, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. पुढचं वाक्य जास्त लागलं. "न एवढा लंबा दगड खदानीत कुठं भेटते? आमी काय सोन्याचा शोधावा का?"

मी गप्प. ते डब्यातली पोळी खात जरा वेळ बसले आणि म्हणाले, नाही भेटत तं पाडू ना आपणच, लाकडाचा साचा, मंदात एक सळई, वरून मसाला, दोन दिवसांत लंबा दगड तयार. आता यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की हे कोडमध्ये, म्हणजे आमच्या बांधकामाच्या नियमांच्या पुस्तकातच आहे. लांब दगड नसेल तर ८ मिमीची सळई घातलेला काँक्रीटचा दांडका चालतो, एसच्या आकाराची सळई चालते, औषध लावलेलं लाकूड पण चालतं. मी वाचलेलं होतं. ड्रॉइंगमध्ये घेतलं नव्हतं कारण लांब दगड लिहिला की डीटेल सुटसुटीत दिसतो.

दांडके पाडले, आठवडाभर गोणपाटाखाली पाणी मारलं, कोपरा परत बांधला. या वेळी प्रत्येक थराचं वेगळं चित्र, वरून पाहिल्यासारखं, दांडके लाल रंगात आणि माप वीत न हातात. सब्बल घातल्यावर दगड सुटले पण एकेक, साल काही निघाली नाही. मिस्त्रींनी दोन्ही वेळची मजुरी लावली, बांधायची वेगळी, पाडायची वेगळी, आणि पाडायची जास्त होती. मी घासाघीस केली नाही.

९ ची १४ शीट करून पाठवली. दहा दिवसांनी तिकडून उत्तर आलं की चित्रं गवंड्यांना कळली, पण आमच्याकडचा दगड चपटा आहे, तुमच्यासारखा गोटा नाही, आणि चांगलं लाकूड गावातच मिळतं, मग सिमेंट वर कशाला चढवायचं? मिस्त्रींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, बरोबरच म्हणते तो.

सध्या लाकडाचं शीट काढून राहिलोय.