रविवारची शिलाई, नोंद 9: सात सुया दिल्या, सहा परत आल्या

माझ्या रविवारच्या शिवणवर्गातल्या सात मुलांना सात सुया दिल्या होत्या. साडेअकराला गोळा करताना सहाच भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी सहाच.

मग काय, सतरंजी झटकली, गाद्या उलथ्या केल्या. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक झाडूच्या दांड्याला बांधून हॉलभर फिरवलं. त्याला चार टाचण्या मिळाल्या, स्टेपलरच्या पिना ढिगाने, केसांची एक पिन आणि माझी स्वतःची एक अणकुचीदार बारीक सुई. ही सुई कधी पडली होती देव जाणे. तिच्यावरून गेले दोन महिने पाच ते आठ वर्षांची सात पोरं अनवाणी नाचत होती, या विचाराने पोटात गोळा आला. पण जी हवी होती ती काही सापडेना.

रात्री नऊला दुसऱ्या मजल्यावरच्या जुळ्यांच्या आईने फोटो पाठवला. धाकटीच्या मोज्यात आडवी अडकलेली सुई. ‘काकू, ही तुमचीच ना?’ सुई बोथट टोकाची, म्हणून पायाला काही झालं नाही. पण मला रात्रभर झोप नाही.

नोंद 6 मध्ये मी ज्याचं इतकं कौतुक केलं होतं ते सुईपान आठवत असेल. फेल्टचा तुकडा, त्यावर सात आकडे, प्रत्येकाने आपल्या आकड्यावर सुई टोचायची. दिसायला फार गोड. पण त्याने सुई हरवल्याचं कळतं, हरवायची थांबत नाही. हे कळायला मला सुई मोज्यात जावी लागली.

दुसरं रडगाणं तुम्हाला पाठ आहेच: ‘काकू, सुई निघाली.’ त्या रविवारी मी फरशीवर खडूने रेघा मारत होते. दीड तासात मी 41 वेळा सुई ओवली. सात मुलं, 41 वेळा! म्हणजे मी शिवणाची शिक्षिका नाही, ओवणारी बाई आहे. मुलं दोरा खेचताना सुईला धरून वर ओढतात, नेढ्यातून शेपूट सुटतं, आणि पुढची दहा मिनिटं ते पोर रांगेत उभं राहून शेजारच्याला कोपर मारतं.

यावर आजवर काय काय करून पाहिलं त्याची उजळणी करते, म्हणजे नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे तरी पैसे वाचतील. प्लास्टिकच्या सुया: घेऊ नका. मोठ्या भोकांच्या जाळीवर ठीक, मॅटीत (भरतकामाच्या, ओळीने बारीक भोकं असलेल्या कापडात) घुसवताना वाकतात आणि मुलांना वाटतं आपलंच चुकतंय. पत्र्याचं ते डोकं छापलेलं, तारेने सुई ओवायचं साधन: तार तिसऱ्या रविवारी तुटते, आणि मुळात त्याने ओवणं सोपं होतं, निघणं थांबत नाही. दुहेरी दोरा करून दोन्ही टोकं एकत्र गाठवणं: हे बरं वाटलं होतं. पण सहा पदर दुहेरी केले की बारा होतात आणि 11 च्या, म्हणजे इंचाला 11 भोकांच्या, मॅटीतून जाताना कुरकुरतात. तीन पदर दुहेरी केले तर जातात, पण दोन पायांमध्ये पीळ पडतो आणि पोरं एकाच पायात टाका घालून पुढे जातात. मग ते गुंतवळ सोडवायला पुन्हा काकूच.

यातून वाट काढली ती आमच्या चष्मेवालीने, आणि तीही चुकीचं करून. तिने रांगेला कंटाळून नेढ्यालाच गाठ मारली. एक नाही, चार. आता सुई निघणार नाही, म्हणाली. सुई खरंच निघाली नाही, पण ती मटाराएवढी गाठ मॅटीतूनही निघेना. मी कात्रीने कापून टाकली, पण डोक्यात राहिली. पोरीचं म्हणणं बरोबरच होतं. सुई बांधायलाच हवी, फक्त गाठ नको.

संध्याकाळी आईशी फोनवर बोलताना सहज सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, पदर फोड ना. लोकरीला आम्ही कधी गाठ मारत होतो?’

तर ते असं. सहा पदरी दोरा ओवा, शेपूट चार बोटं ठेवा. त्या शेपटाचे पदर नेढ्यापासून दोन बोटांवर तीन-तीन असे फोडा. मध्ये छोटी खिडकी होते. त्या खिडकीतून सुईचं टोक घाला, म्हणजे शेपूट सुईत ओवल्यासारखं होतं. आता ते शेपूट सुईवरून मागे सरकवत नेढ्याच्या पलीकडे न्या आणि लांबचा दोरा हळूच ओढा. नेढ्यापाशी दोरा स्वतःलाच आवळून बसतो. फुगवटा जवळपास नाही, बोटाने चाचपला तर कळेल इतकाच. पहिल्यांदा माझ्याच्याने तीनदा चुकलं, कारण मी पदर चार-दोन असे फोडत होते. समान फोडले की पक्कं बसतं. टोक बोथट असलेलंच बरं, पदरांच्या मधून जातं, पदराला भोसकत नाही.

बुधवारी रात्री टीव्हीसमोर बसून सातही सुया अशा बांधल्या आणि सातवी बांधताना हात थांबला. सुई दोऱ्याला बांधलेली. दोरा कापडाला गाठ मारून बांधलेला. म्हणजे सुई कापडापासून सुटूच शकत नाही! मग मी सुया मोजतेय कशाला? कापडं मोजायची. ओवण्याची कटकट आणि हरवण्याची भीती, दोन महिने मी या दोन गोष्टी वेगळ्या वह्यांत लिहीत होते, आणि दोन्ही म्हणजे एकच गोष्ट होती: दोरा नेढ्यातून सुटणं.

एकच नियम घातला. कात्री फक्त माझ्या टेबलावर. दोरा संपला की कापड घेऊन माझ्याकडे यायचं, मी सुई कापून घेणार, नवा दोरा बांधलेली सुई देणार. सुई मोकळी असते ती फक्त माझ्या हातात. सुईपान आता माझ्या टेबलावर आहे आणि त्यात फक्त तयार सुया.

या रविवारी खडूच्या रेघा: 9. नऊच! त्यातल्या सात तर दोरा संपला म्हणून. मी चहा गरम असताना प्यायले. ही बॅच सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

अर्थात नवं दुखणं लगेच हजर. आधी टाका चुकला की मुलं सुई काढून दोरा उपसायची. आता सुई निघत नाही, मग उसवायचं कसं? सुई त्याच भोकातून उलट घालायला गेलं की टोक भलत्याच भोकात जातं किंवा दोऱ्यातच घुसतं. यावर तोडगा जागच्या जागी सुचला: सुई फिरवायची आणि नेढ्याच्या बाजूने आत घालायची. ते टोक गोल, कुठेच अडकत नाही, आपल्याच भोकातून परत जातं. मुलांनी याला लगेच ‘रिव्हर्स गिअर’ नाव दिलं आणि आता काही जण गरज नसताना रिव्हर्स टाकतात, तोंडाने आवाज काढत.

वर्गातल्या सगळ्यात धाकट्याने या वेळीही मॅटी स्वतःच्या चड्डीला शिवली. मांडीवर ठेवून शिवतो, ऐकत नाही. त्याच्यासाठी कापड ताणून धरणारी चार इंचांची भरतकामाची रिंग आणली, आतल्या कड्याला सुती नाडी घट्ट गुंडाळली म्हणजे कापड सरकत नाही. रिंगचा काठ हातात आला की कापड मांडीवरून उचललं जातं. तरी दोनदा दोरा काठावरून फिरवून आणला. ‘वर, खाली’ म्हणत शिवायला लावलं तेव्हा सलग अकरा टाके सरळ घातले. अकरा! मी मोजले, त्यानेही मोजले.

साठवणीत थोडा बदल. मिठाईचे डबे बाद, त्यात सगळं एकमेकांत गुंततं. आता प्रत्येकाला पारदर्शक झिपवाली फाइल, आत मॅटी सपाट, सुई कापडाच्या कोपऱ्यात तीनदा आत-बाहेर करून ठेवलेली. रिंग दर वेळी काढायची, आठवडाभर तशीच राहिली तर गोल वळ पडतो आणि धुतला तरी लवकर जात नाही. दोराही आधीच कापून ठेवते. मुलाच्या खांद्यापासून बोटापर्यंत, साधारण 45 सेंटीमीटर. 8 मीटरच्या लडीतून 17 तुकडे निघतात. लांब दोरा मागतात, देऊ नका. गुंता होतो तो तिथेच.

दोऱ्याबद्दल एक इशारा. ऑनलाइन शंभर रंगांचा स्वस्त संच मागवला होता. लाल आणि जांभळा ओल्या रुमालावर दाबून पाहिला तर रुमाल गुलाबी. तो सगळा संच आता बाहुल्यांच्या केसांसाठी. माझं मत पक्कं झालंय: लड्या मोजक्या घ्याव्या, पण चांगल्या, आणि हातात घेऊन. मी पुण्याच्या बोहरी आळीतून घेते, तुळशीबागेत जाते ते बटणांसाठी.

आता दिवाळीच्या गोधडीचं. ठरलं होतं की सात मुलांचे सहा-सहा इंची चौकोन जोडून छोटी गोधडी करायची. तीन बाय तीनला दोन चौकोन कमी पडतात, तिथे माझ्या खणाच्या ब्लाउजमधले उरलेले तुकडे लावायचे. पण हे लिहितानाच लक्षात आलं, गोधडी एक आणि मुलं सात. ती कोणाच्या घरी जाणार? जुळ्यांमध्येच युद्ध होईल.

त्यापेक्षा प्रत्येकाचा चौकोन त्याच्याच घरी जाऊ दे, बटवा होऊन! आत्ता कागद घेऊन घडी घालून पाहिली. चौकोन पालथा ठेवायचा, तीन कोपरे मध्यावर आणायचे, दोन तिरक्या शिवणी मारायच्या, चौथा कोपरा झाकण. सहा इंचांचा चौकोन शिवणी धरून जेमतेम चार इंचांचा बटवा होतो. भाऊबीजेच्या ओवाळणीची घडी घातलेली नोट त्यात बरोबर बसते. मॅटीची सुतं सुटतात म्हणून कडेला आधी मशिनची टीप आणि आत अस्तर. ते माझं काम.

एक घोळ मात्र आहे. घडी घातली की मुलांनी मधोमध शिवलेलं चित्र मागच्या बाजूला येतं, आणि तेही तिरपं, एका कोपऱ्यावर उभं. ज्यांनी आत-आत जाणारे चौकोन शिवलेत त्यांचं काही बिघडत नाही, उलट शंकरपाळ्यासारखं छान दिसेल. मागची बाजू पुढची म्हणायची, झालं. पण चष्मेवालीने तीन रविवार खपून घर शिवलंय, कौलारू, धुराड्यासकट. ते घर कलंडणार. तिच्यासाठी चौकोन सरळच ठेवून मागे अस्तर लावून चौकोनी पिशवी करता येईल, पण मग बाकीचे सहा विचारतील तिलाच का. तिला कागदाची घडी दाखवून विचारणार आहे.

शनिवारची यादी: 11 ची मॅटी अर्धा मीटर, 20 नंबरच्या बोथट सुया एक पाकीट, सुती नाडी, चार इंची आणखी दोन रिंगा. अस्तरासाठी सासूबाईंची जुनी सुती साडी मागून ठेवली आहे. त्या म्हणाल्या, देते, पण काठ माझा मला परत हवा.