ठाण्यातून चालवलेले क्लाउडवरचे ग्राफिक्स वर्कस्टेशन : माझा अनुभव

नौपाड्यातील जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची त्रिमितीय चित्रे करणे हा माझा व्यवसाय आहे. या कामांच्या फायली आता इतक्या जड झाल्या आहेत की झाडे, काचा आणि दगडी पोत यांसह एखादे संकुल ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले, तर लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी लगेच भरून जाते. नवे वर्कस्टेशन घ्यावे तर मोठी रक्कम एकदम अडकते, आणि ते महिन्यातले बरेच दिवस नुसते बसून राहते. म्हणून मी तासाच्या भाड्याने क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या संगणक केंद्रात, मशीन घेतले. ते उभे करताना माझे मत पक्के झाले ते असे : कार्डाची ताकद किती, यापेक्षा त्या कार्डाने काढलेले चित्र आपल्या पडद्यापर्यंत कोणत्या वाटेने येते, याचा विचार आधी करावा.

पहिला निर्णय अंतराचा होता. अमेरिकेतील दर काही वेळा थोडे कमी दिसतात आणि तेवढ्यावरून मन वळू शकते, पण खारघरला राहणारी माझी सहकारी एका परदेशी कामासाठी व्हर्जिनियातील मशीन वापरत असे, आणि तिने मला स्पष्टच सांगितले, “ताई, माउस थांबला तरी मॉडेल फिरतच राहतं, कडा पकडताच येत नाही.” याचे कारण साधे आहे. मुंबईपासून ते ठिकाण सुमारे १३,००० किलोमीटर दूर आहे आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तरी जाऊन येण्यास १३० मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात हा आकडा २०० च्या आसपास जातो. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राच्या वाट्याला १७ मिलिसेकंदही येत नाहीत. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग २०१६ पासून सुरू आहे, आणि ठाण्यातल्या माणसाने तो सोडून दुसरीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

मी निवडलेल्या जी४डीएन प्रकारच्या मशीनमध्ये एनव्हिडियाचे टी४ कार्ड असते व त्याला १६ जीबी मेमरी असते. त्यातील सर्वांत लहान आकारात ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि १६ जीबी रॅम मिळते. नव्या खात्याला अशा मशीनची मर्यादा बहुधा शून्य असते आणि ती वाढवण्यासाठी आधी विनंती करावी लागते. ही मर्यादा मशीनच्या संख्येत मोजत नाहीत, व्हीसीपीयूंमध्ये मोजतात, आणि प्रत्येक विभागासाठी ती वेगळी असते. मी मुंबईसाठी ८ मागितले, म्हणजे पुढे एक आकार वर जायचे झाले तर पुन्हा अर्ज करावा लागू नये. काम हातात येण्याच्या कितीतरी आधी हा अर्ज करून ठेवावा, कारण मंजुरी कधी येईल हे आपल्या हातात नसते.

मशीन सुरू झाल्यावर पहिला प्रवेश विंडोजच्या नेहमीच्या रिमोट डेस्कटॉपने केला, आणि सगळ्यात बारकाईने करायचे काम तिथेच लागले. कार्ड मशीनमध्ये असले तरी योग्य ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, नसेल तर विंडोज त्याचा उपयोग करत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त मायक्रोसॉफ्टचा मूलभूत डिस्प्ले अडॅप्टर दिसतो. ब्लेंडरला ४.० आवृत्तीपासून कार्डाकडून चित्र काढून घेणारी ओपनजीएल ४.३ ही प्रणाली लागते, त्यामुळे अशा स्थितीत ते उघडतच नाही. ड्रायव्हरही दोन तऱ्हेचे असतात. गणनेसाठीचा ड्रायव्हर घातला तर कार्ड टीसीसी नावाच्या पद्धतीत चालते व पडद्यासाठी चित्र काढत नाही. आपल्याला लागतो तो ग्रिड ड्रायव्हर. तो घालून मशीन पुन्हा सुरू केले, कार्डाची स्थिती दाखवणारी एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा दिली आणि कार्डाच्या नावाशेजारी डब्ल्यूडीडीएम (पडद्यासाठी चित्र काढण्याची पद्धत) ही अक्षरे दिसल्यावरच मी पुढे गेले. कोणीही ही तपासणी टाळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

नंतर रिमोट डेस्कटॉप बाजूला ठेवून ॲमेझॉन डीसीव्ही हे दूरच्या मशीनचा पडदा आपल्याकडे दाखवणारे सॉफ्टवेअर बसवले. ते पूर्वी नाइस डीसीव्ही या नावाने ओळखले जाई. एडब्ल्यूएसच्या मशीनवर त्याचा वेगळा परवाना विकत घ्यावा लागत नाही. मात्र परवाना तपासण्यासाठी मशीनला एस३ या एडब्ल्यूएसच्या साठवण सेवेपर्यंत पोहोचता आले पाहिजे. डीसीव्ही ८४४३ या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारातून, चालते. तिथे टीसीपीबरोबर यूडीपी ही माहिती पाठवण्याची दुसरी पद्धतही मोकळी केली तर क्विक नावाच्या पद्धतीने चित्र येते, आणि संध्याकाळी सगळी सोसायटी इंटरनेटवर असते तेव्हा हा फरक डोळ्यांना जाणवतो. ब्राउझरमधूनही काम होते, पण रोजच्या कामासाठी आपल्या संगणकावर डीसीव्हीचा स्वतंत्र क्लायंट (जोडणीचा प्रोग्राम) घ्यावा.

हे पोर्ट साऱ्या जगाला उघडे ठेवणे धोक्याचे आहे, म्हणून फायरवॉलमध्ये फक्त घरचा आयपी पत्ता घातला. आपल्याकडे अडचण अशी की वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की हा पत्ता बदलू शकतो आणि दार आपल्यालाच बंद होते. केबलवाल्याकडून स्थिर पत्ता घेतला तेव्हा ही कटकट संपली. त्यासाठी द्यावे लागणारे वेगळे पैसे मला योग्य वाटतात.

चित्र दाबून पाठवले जात असल्यामुळे बारीक लाल-निळ्या रेषांच्या कडा किंचित पसरतात. रंगांची अचूकता वाढवण्याची सोय आहे, तरीही बाह्य भिंतीच्या रंगाचा अंतिम निर्णय मी रिमोट पडद्यावर घेत नाही. रेंडर, म्हणजे तयार झालेले अंतिम चित्र, उतरवून घेते आणि घरच्या मॉनिटरवरच पाहते.

खर्चाबाबत दोन गोष्टी जपाव्या लागतात. या मशीनला जोडलेली १२५ जीबीची वेगवान डिस्क मशीन थांबवताच रिकामी होते, म्हणून तिच्यावर फक्त तात्पुरत्या फायली ठेवाव्यात आणि प्रकल्प ईबीएस या एडब्ल्यूएसच्या कायमस्वरूपी डिस्कवर ठेवावा; ईबीएसचे भाडे मात्र मशीन बंद असतानाही चालूच राहते. दुसरे असे की डीसीव्हीची खिडकी बंद केली तरी मशीन बंद होत नाही, मीटर पळतच असतो. म्हणून प्रोसेसरचा वापर तासभर अगदी कमी राहिला तर मशीन आपोआप थांबावे असा क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या देखरेख सेवेचा अलार्म लावला. ग्राफिक्स कार्डावर रेंडर चालू असताना प्रोसेसर बऱ्यापैकी मोकळा दिसू शकतो आणि अर्धवट रेंडरवर मशीन थांबू शकते, त्यामुळे ही मर्यादा मी ५ टक्क्यांवर ठेवली आहे आणि रात्रभराचे रेंडर लावताना अलार्मची कृती बंद करते.