लिंगात इम्प्लांट बसवण्यापूर्वी आम्ही दोघांनी विचारलेले प्रश्न

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून या गावात उपचारासाठी दूरदूरचे रुग्ण येतात. त्याच मिरजेपासून काही किलोमीटरवर, सांगलीत राहूनही, लिंगाला ताठरता येत नाही हे डॉक्टरांना सांगायला मला पाच वर्षे लागली. त्या काळात, भिंतीवर जाहिराती रंगवणाऱ्या एका दवाखान्यातून मी चोरून पुड्या आणून खाल्ल्या आणि पत्नीला कामाच्या ताणाचे कारण सांगत राहिलो.

अखेर माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनीच हा विषय काढला. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने लिंगातील बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही खराब होतात, आणि ही तक्रार पुष्कळदा हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, असे सांगून त्यांनी आधी माझ्या हृदयाची तपासणी करून घेतली. मग ताठरता येण्यासाठीच्या सिल्डेनाफिलच्या (व्हायग्राच्या) गोळ्या झाल्या, त्या निष्फळ ठरल्यावर लिंगात घ्यायचे इंजेक्शन झाले. (छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल कदापि घेऊ नये, रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो. औषध दुकानात दबक्या आवाजात ही गोळी मागणारे पाहिले की मला हीच भीती वाटते.) दोन्ही उपायांनी गुण येईना, तेव्हा युरॉलॉजिस्टांनी, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांनी, इम्प्लांटचा पर्याय मांडला.

लिंगात लांबीच्या दिशेने दोन नळ्यांसारख्या पोकळ्या असतात, ज्यांत रक्त भरल्यावर ताठरता येते. शस्त्रक्रियेत त्या पोकळ्यांत दोन दांडे बसवतात. एक प्रकार वाकवता येणाऱ्या दांड्यांचा, जो सतत घट्टच असतो आणि एरवी खाली वळवून ठेवावा लागतो. दुसऱ्यात पोकळ नळ्या, पोटात द्रवाची छोटी पिशवी आणि अंडकोशात पंप असतो. पंप दाबला की द्रव नळ्यांत येतो, काम झाल्यावर परत पाठवता येतो. पंपाचा हा प्रकार अमेरिकेतील डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली पुढे आणला. तो नैसर्गिक स्थितीच्या अधिक जवळचा असला तरी बराच महाग आहे, आणि यंत्र म्हटल्यावर ते पुढे कधी तरी बिघडू शकते. मधुमेहाने माझ्या बोटांना बधिरपणा आल्यामुळे पंप नीट दाबता येईल याची खात्री नव्हती, म्हणून मी साधे दांडे निवडले.

निर्णयाच्या दिवशी पत्नी सोबत होती. या शस्त्रक्रियेला निघालेल्या प्रत्येक विवाहित माणसाने पत्नीला सोबत न्यावे, असे मला कळकळीने वाटते, कारण खरे प्रश्न माझ्या पत्नीनेच विचारले. यांची इच्छा वाढेल का? नाही, इम्प्लांट केवळ ताठरता देते. इच्छा, स्पर्शाची जाणीव आणि वीर्यस्खलन आधी जसे असेल तसेच साधारणपणे राहते. लांबी वाढेल का? नाही, उलट थोडी कमी वाटू शकते. मग नको वाटले तर काढता येईल का? काढता येते, पण आतील ऊतक बदललेले असल्याने पूर्वीची ताठरता परत येत नाही आणि गोळ्यांचाही उपयोग होत नाही. हे उत्तर ऐकून आम्ही त्या दिवशी होकार न देताच परतलो.

त्या रात्री ती म्हणाली, "तुम्ही पाच वर्षे तोंड फिरवून झोपलात, मला वाटलं माझ्यातच काही कमी पडलं. एवढं तरी सांगायचं होतं." मला उत्तर देता आले नाही.

पुढे आम्ही होकार दिला. पण जंतुसंसर्ग झाला तर इम्प्लांट बहुधा काढावेच लागते, म्हणून साखर आटोक्यात येईपर्यंत डॉक्टरांनी तीन महिने शस्त्रक्रियेची तारीख दिली नाही. त्या तीन महिन्यांत माझे पथ्य तिनेच सांभाळले. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे सूज आणि वेदना बऱ्यापैकी होत्या, आणि सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी शरीरसंबंधाला परवानगी दिली, तेव्हाही ती माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.