नौपाड्यातला एक मोनो टेक

'बीच बॉइज' या अमेरिकन बँडचा संगीतकार ब्रायन विल्सन 11 जून 2025 रोजी गेला. त्यानंतर नऊच दिवसांनी, 20 जूनला, त्याचा 83वा वाढदिवस आला असता. ठाणे, ऐरोली आणि डोंबिवलीतल्या त्याच्या चाहत्यांनी त्या दिवसासाठी आमचा नौपाड्यातला स्टुडिओ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असा घेतला. नुसतं जमून गाणी ऐकायची आणि हळहळायचं, हे त्यांना नको होतं. त्याच्या 'गॉड ओन्ली नोज' या गाण्याचा वाद्यमेळ त्याने 1966च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या वेस्टर्न स्टुडिओत जसा केला, त्याच पद्धतीने तो करून बघायचा होता: सगळे वादक एका खोलीत, एकाच वेळी, फक्त चार ट्रॅकवर, आणि शेवटी मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत. रेकॉर्डिस्ट म्हणून बॅलन्स माझ्याकडे होता.

त्या काळी विल्सन वाद्यं आधी चार-ट्रॅक टेपवर घ्यायचा. मग त्या चारांचं मिश्रण करून ते दुसऱ्या टेपच्या एका ट्रॅकवर उतरवायचा आणि उरलेले ट्रॅक गायकांच्या आवाजांसाठी ठेवायचा. कोलंबियाच्या स्टुडिओत आठ-ट्रॅक मशीन होतं, ते त्याने मुख्यतः आवाजांसाठी वापरलं. वाद्यमेळ एकदा एका ट्रॅकवर उतरला की त्यातला हॉर्न कमी करता येत नाही आणि बेस वाढवता येत नाही. म्हणून निर्णय आधी घ्यायचा, वादक समोर असताना. आम्हीही तेच बंधन पाळलं. मिक्सरचे चार ग्रुप आउटपुट थेट संगणकात आवाज नेणाऱ्या इंटरफेसच्या चार इनपुटला जोडले, बाकीचे इनपुट बंद. कानात ठेका देणारा क्लिक नाही, वादकांना हेडफोन नाहीत.

खोली 22 बाय 15 फूट, उंची नऊ फूट, वादक बारा. दोन अकॉर्डियन, हार्पसिकॉर्ड या जुन्या, तारा छेडणाऱ्या वाद्यासाठी कीबोर्ड, फ्रेंच हॉर्न, बासरी, दोन व्हायोलिन, चेलो, दोन बेस गिटार, ड्रम आणि घुंगरू. मूळ गाण्यात स्ले बेल्स आहेत. त्या जागी ऑर्केस्ट्रात वापरतात तशी घुंगरांची काठी घेतली. मूळ टेकवर, म्हणजे तेव्हाच्या ध्वनिमुद्रणात, जिम गॉर्डन या ड्रमरने संत्र्याच्या रसाचे प्लास्टिकचे कप वाजवले होते. आमच्या ड्रमरने तसे दोन कप तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने बांधले आणि टॉमवर ठेवून काठीने वाजवले. कप रिकामे असले तरच तो पोकळ 'टॉक' येतो. आत रुमाल कोंबला तर मेला.

पहिली अडचण सुरांची. अकॉर्डियनच्या आतल्या, हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या जागेवर लावता येत नाहीत. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, बुडाकडे खरवडलं की उतरतो, आणि अख्खं वाद्य लावायला कारागिराला दिवस लागतात. थोरल्या अकॉर्डियनवाल्या काकांचं वाद्य 442 हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) होतं, दुसरं 440वर. म्हणजे मधल्या 'ए' सुरावर दोघांत सेकंदाला दोन आंदोळ. लांब सुरावर ते चक्क डुलताना ऐकू येतं. पण या गाण्यात अकॉर्डियन बहुतेक वेळ तुटक वाजतं. आमचा ठेका मिनिटाला 115च्या आसपास होता, म्हणजे एक मात्रा साधारण अर्ध्या सेकंदाची, आणि सूर त्याच्या निम्माच धरायचा. एवढ्यात एकही आंदोळ पुरा होत नाही. कानाला फक्त सूर थोडा जाड लागतो. म्हणून तुटक भाग दोघांनी वाजवायचा, लांब सूर एकट्या काकांनी. कीबोर्ड मधोमध 441वर लावला आणि व्हायोलिन-चेलो त्याच्यावर.

दोन्ही अकॉर्डियनवर 'क्लॅरिनेट' रजिस्टर लावायला सांगितलं, म्हणजे एका सुराला एकच पट्टी बोलते. आपल्याकडे मेळ्यात आणि फिल्मी गाण्यांत बऱ्याचदा दोन-तीन पट्ट्यांचं, मुद्दाम किंचित बेसूर लावलेलं रजिस्टर वापरतात. एकट्या अकॉर्डियनला ते शोभतं, पण इथे त्याच्याच जोडीला हार्पसिकॉर्ड वाजणार होतं, आणि मग सगळाच चिखल झाला असता.

हार्पसिकॉर्ड ठाण्यात कुठून आणायचं? कीबोर्डमधला आवाज घेतला, पण त्याच्यात आधीपासून भरलेले रिव्हर्ब आणि कोरस बंद केले, आउटपुट मोनो केलं आणि टच रिस्पॉन्स काढून टाकला. खऱ्या हार्पसिकॉर्डवर बोट जोरात मारलं तरी आवाज वाढत नाही. कीबोर्ड थेट मिक्सरला जोडायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. दहा इंची स्पीकरचा गिटार ॲम्प स्टुलावर ठेवला, समोर तीन फुटांवर मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर माइक ऑम्नीवर, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऐकणारा, आणि त्याच माइकपासून तितक्याच अंतरावर डावी-उजवीकडे दोन अकॉर्डियन. तीन वाद्यं, एक माइक. आवाज एका मिलिसेकंदात सव्वा फुटाहूनही कमी जातो, त्यामुळे अंतर सारखं ठेवलं की तिन्ही आघात एकत्र पोचतात. बॅलन्स फेडरवर, म्हणजे मिक्सरच्या सरकत्या बटणावर नाही, खुर्ची सरकवून करायचा. "काका, जरा अर्धा फूट मागे" म्हटलं की ते न विचारता सरकायचे. त्यांनी तरुणपणी मुंबईत फिल्मी रेकॉर्डिंगं वाजवलेली; तिथे सगळं असंच चालायचं.

हॉर्न बँडमध्ये वाजवणारे एक ज्येष्ठ वादक घेऊन आले. फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे असतं, त्यामुळे आवाज मागच्या भिंतीवर आपटून पुढे येतो. आमच्या भिंतींवर फोम आहे. तो हॉर्नचं सगळं तेज पिऊन टाकतो. म्हणून प्लायवूडचा आठ बाय चारचा तक्ता आडवा उभा केला आणि त्यांना त्याच्यापुढे चार फुटांवर बसवलं. माइक पुढे, डोक्याच्या वर. तोंडातून तक्त्यावर आणि तिथून माइकवर असा चौदा-एक फुटांचा प्रवास होतो, म्हणजे बाराएक मिलिसेकंदांचा उशीर. सुरुवातीच्या ओळीत हॉर्न मागे पडल्यासारखा वाटत होता तो यामुळेच. त्यांना कळताच त्यांनी केसभर आधी फुंकायला सुरुवात केली आणि ओळ जागेवर बसली.

पाऊस सकाळपासून लागून राहिलेला. टेकच्या वेळी एसी बंद, कारण त्याची घरघर चेलोच्या माइकवर येत होती. बारा माणसं, बंद दार. तापमान पटकन चढतं. उकाड्यात पितळी वाद्याचा सूर चढतो आणि तारेचा उतरतो, म्हणजे हॉर्न आणि व्हायोलिन एकमेकांपासून दूर जातात. एसी लावला की उलटं. त्यामुळे प्रत्येक टेकनंतर एसी लावून खोली थंड करण्याचा मोह टाळला. दोन टेकच्या मध्ये थोडाच वेळ मंद एसी आणि खोली एका ठरावीक उकाड्यात ठेवणं, हे जास्त उपयोगी पडलं. व्हायोलिनवाल्या ताईंना ते आवडलं नाही, पण सूर टिकला.

दोन बेस हा विल्सनच्या कामाचा गाभा. मूळ टेकवर लाइल रिट्झचा उभा डबल बेस आणि कॅरोल केचा बेस गिटार आहे. ती पिकने वाजवायची आणि तारांवर फेल्ट ठेवायची. आम्ही एका बेसच्या ब्रिजपाशी तारांखाली स्पंजची पट्टी सरकवली आणि पिक दिला, दुसरा फ्रेटलेस (मानेवर पडदे नसलेला), नुसत्या बोटांनी. पहिल्याने सुराचं टोक द्यायचं, दुसऱ्याने पोट. यात बिघडतं ते सुरात. डी तारेवरच्या 'ई'वर, म्हणजे 82 हर्ट्झच्या जवळ, दोघांत दहा सेंट (अर्ध्या स्वराचा दहावा भाग) फरक असला तरी दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं लेव्हल हलतेय, आणि चढ-उतार दाबणारा कॉम्प्रेसर लावायचा मोह होतो. औषध ट्यूनरमध्ये आहे. फ्रेटलेसवाल्याने ट्यूनर समोर ठेवला आणि बोटाची जागा बघून पक्की केली.

बेस वाजू लागला तसे काका थांबले. विल्सनचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं होतं. म्हणाले, "कॉर्ड घरात आहे, पण बेस दारात उभा आहे." अगदी तेच! अंतऱ्याच्या पहिल्या कॉर्डला बेस मूळ सुरावर नाही, पंचमावर आहे. पुढेही तो वारंवार तसाच राहतो. गाणं पूर्ण टेकत नाही, अधांतरी चालत राहतं, आणि शब्दांतला प्रेमातला धाक त्यातूनच ऐकू येतो. शब्द गीतकार टोनी ॲशरसोबत लिहिलेले, पण तो धाक बेसमध्ये लिहिलाय तो विल्सनने. फार थोड्या पॉप संगीतकारांनी बेसकडून एवढं काम करून घेतलं असेल.

घुंगरांनी त्रास दिला. त्यांचा आवाज बारीक आणि टोकदार, आणि तो सगळ्यांच्या माइकमध्ये शिरतो. फेडर खाली करून उपयोग नाही, कारण तो इतरांच्या माइकमधून येतच राहतो. घुंगरूवाल्याला दाराजवळच्या कोपऱ्यात, सर्वांत लांब नेलं, पाठीमागे गोधडी टांगली आणि काठी हलवण्याऐवजी मांडीवर टेकवून दुसऱ्या हाताने मुठीवर हलकेच मारायला सांगितलं. आवाज निम्म्याने उतरला आणि ठोका नेमका झाला.

ऐकायला एकच स्पीकर ठेवला. मोनो दोन स्पीकरवर ऐकलं की मधोमध एक आभासी प्रतिमा तयार होते आणि डोकं जरा हललं की तिचा रंग बदलतो. एका स्पीकरवर खोट लपत नाही. लहानपणापासून विल्सनचा उजवा कान जवळजवळ निकामी होता. त्याने हे सगळं एका कानाने जुळवलं. हे गाणं असलेल्या 'पेट साउंड्स' अल्बमचं खरं स्टीरिओ मिश्रण 1997च्या संचात आलं, मार्क लिनेट या रेकॉर्डिस्टने वाद्यांच्या आणि आवाजांच्या वेगवेगळ्या टेपा डिजिटल यंत्रावर जुळवून ते केलं. ते फार सुंदर आहे आणि त्यातून खूप शिकायला मिळतं. पण काय कुठे मिसळायचं हे विल्सनने ठरवलं ते मोनोसाठी.

जमलेला टेक आम्ही ऐकत होतो तेव्हा चाहत्यांपैकी एकाने विचारलं, "दादा, यातलं नुसतं अकॉर्डियन ऐकवाल?" ते नव्हतंच, तिन्ही वाद्यं एका माइकवर होती. मग मी कीबोर्डचा ॲम्प बंद ठेवून तोच भाग वादकांकडून पुन्हा वाजवून घेतला. ऐकताना सगळ्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. अकॉर्डियनचे सूर तेच, पण गाणं गायब. मग फक्त हार्पसिकॉर्ड: टिकटिक, सुरापाठी काहीच नाही. तिन्ही एकत्र केली आणि ते परत आलं. वाद्याची ओळख कान मुख्यतः सुराच्या पहिल्या काही मिलिसेकंदांवरून पटवतो. इथे टोक हार्पसिकॉर्डचं आणि शेपूट अकॉर्डियनचं; कान दोन्ही मिळून एकच वाद्य समजतो आणि ते वाद्य जगात कुठे बनत नाही. इतकी वर्षं हे गाणं पाठ असलेल्या माणसांना तो आवाज कशाचा आहे हे सांगता येत नव्हतं, ते याचमुळे. काही जण त्याला इको समजत होते. इको त्यात आहे, पण तो नंतरचा.

तो इको आम्ही जिन्यात केला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर स्पीकर, एक मजला वर भिंतीकडे तोंड करून माइक. जिन्याला 300 हर्ट्झच्या खालचं काही पाठवायचं नाही, नाहीतर बेस घुमत राहतो आणि सगळं मातीत जातं. जाळीतून पावसाचा आवाज येत होता, त्यामुळे वादक बसलेले असताना इको घेणं सोडून दिलं. मोनो मिश्रण झाल्यावर सर जरा ओसरली, तेव्हा तेच मिश्रण जिन्यात वाजवून उतरवून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या कुकरची एक शिट्टी त्यात आली. तेवढा तुकडा पुन्हा घेतला.

गायकांच्या आवाजांना तासभर पुरला. शेवटच्या फेऱ्यांत मूळ टेकवर ब्रायन आणि बँडमधला ब्रूस जॉन्स्टन या दोघांनीच गायलेल्या तीन ओळी एकमेकांत शिरत जातात. इथे तिघांनी एका माइकभोवती उभं राहून ते गायलं. ज्याचा आवाज पातळ, तो एक पाऊल पुढे.

संध्याकाळी त्यांनी वेगवेगळे ट्रॅक मागितले, घरी प्रत्येकाला आपलं वाद्य ऐकायला. मी चार ग्रुप, वाद्यांचं मोनो मिश्रण, इको आणि आवाज दिले, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. त्याच्यासोबत खोलीचा आराखडा दिला: कोण कुठे बसलं, माइकपासून किती फुटांवर, तक्ता कुठे. पुढचं गाणं ते ऐरोलीत करणार आहेत. तिथली खोली अजून दीड फूट बुटकी आणि छत काँक्रीटचं आहे, म्हणून हॉर्नमागे तक्ता लागणार नाही. उलट घुंगरांवर छताला गोधडी टांगावी लागेल, आणि दोन्ही अकॉर्डियन आधी एकाच कारागिराकडे नेऊन 441वर लावून घ्यावी लागतील, कारण त्या गाण्यात सूर लांब आहेत.