आमची वाटचाल: आधी मोजमाप, मग बोअरिंग

हर्णै बंदरालगतचे आमचे वर्कशॉप वडिलांनी एका लेथवर सुरू केले. सुरुवातीला मच्छिमार नौकांचे शाफ्ट आणि बुश एवढीच कामे येत. पुढे इंजिने बांधण्याची कामे मिळू लागली आणि "इंजिन ऑईल खाते" ही तक्रार नित्याची झाली. या तक्रारीवर मोजमाप घेतल्याशिवाय बोअरिंग, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणे, सुचवायचे नाही, हा वडिलांचा नियम होता आणि आमचा व्यवसाय त्याच नियमावर उभा राहिला.

ऑईल कमी होते म्हणजे ते जळतेच असे नाही. नौकेत गळलेले ऑईल तळाच्या पाण्यात मिसळून जाते आणि नाखव्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून आम्ही इंजिन पुसून कोरडे करतो, काही काळ चालवतो आणि क्रँकचे सील, टॅपेट कव्हर, ऑईल कूलर यांची पाहणी करतो. गळती नसेल, तर धूर पाहायचा. निळसर धूर ऑईल जळत असल्याचे सांगतो. काळा धूर बहुधा इंजेक्टरचा किंवा अपुऱ्या हवेचा असतो आणि त्यावर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) बदलून काहीही साधत नाही. घाट उतरून आलेली पेट्रोल गाडी ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर सोडत असेल, तर आमचा पहिला संशय व्हॉल्व्हच्या गाईडवर आणि सीलवर जातो, कारण उतारावर थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये निर्माण होणारा व्हॅक्यूम तिथून ऑईल ओढून घेतो. डिझेल इंजिनात ही ओढ फारशी नसते. तिथे भार पडताच निळा धूर वाढत असेल आणि ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वायू जोराने बाहेर येत असेल, तर सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) घेऊन ते एकमेकांशी ताडून पाहावे लागते.

हेड उतरवल्यावर बोअर गेजने लायनर (सिलिंडरची आतली नळी) वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजतो. सर्वाधिक झीज वरची रिंग जिथे सर्वांत वर पोहोचून परत फिरते तिथे आढळते. नवी रिंग लायनरमध्ये बसवून तिच्या टोकांमधले अंतर फिलर गेजने पाहतो. 100 मिलिमीटर बोअरला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर, हा आमचा ढोबळ हिशेब, मात्र अंतिम आकडा कंपनीच्या पुस्तकातलाच धरतो.

चिरेखाणीवरच्या डंपरांनी आम्हाला पुष्कळ शिकवले. एअर फिल्टरनंतरच्या पाइपाची क्लिप सैल असली, तरी जांभ्याची धूळ आत शिरून रिंगा आणि लायनर झिजवते. अशा वेळी क्लिप न बदलता इंजिन बांधून देणे हा ग्राहकावर अन्यायच आहे. याउलट जाळी टाकून तासन्‌तास कमी भारावर चालणाऱ्या नौकांचे लायनर फारसे न झिजताही गुळगुळीत होतात आणि त्यांना योग्य होनिंग (आतला पृष्ठभाग घासून किंचित खरबरीत करणे) आणि नव्या रिंगा पुरतात.

1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात आमच्याकडे सर्वांत जास्त काम असते. त्या घाईतही प्रत्येक सिलिंडरची मापे कागदावर लिहून नाखव्याच्या हाती दिल्याशिवाय आम्ही बोअरिंगला हात लावत नाही.